भालाफेकीचा हात

इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एरोमॉडेलिंगची, म्हणजे रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवण्याची, कार्यशाळा घेतो. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, म्हणून उडवायला आम्ही पूर्वेकडे, बायपासच्या पलीकडे जातो. त्या दिवशी सोयाबीन काढलेलं शेत मिळालं होतं. मालव्याची काळी माती, त्यात टोचणारे खुंट. इथे चाकांचा काय उपयोग? विमान हातानेच सोडायचं.

पोरांनी मॉडेल झकास केलं होतं. फोमचं, पंखांचा विस्तार १.२ मीटर, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास, मोटर नाकावर. गुरुत्वमध्यही जागच्या जागी. पण फेकायला पुढे आला कॉलेजचा फास्ट बॉलर! "भिया, जोर लागतो याला," म्हणत त्याने ते थेट आभाळाकडे भिरकावलं. नाक वर, वेग संपला, डावा पंख खाली कलला आणि विमान खुंटांत. डागडुजी करून पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. जोर सगळा चढण्यात गेला की वेग उरत नाही. त्यात हवेशी पंखाचा कोन १५ अंशांच्या आसपास गेला, की वरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि उचल कोसळते. दंडात कितीही ताकद असो.

गटात भालाफेक करणारी एक मुलगी होती, कोपऱ्यात टेप कापत बसलेली. म्हटलं, "तू ये गं."

चिमूटभर माती सोडून वारा बघितला, तिला वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. रिमोटची स्टिक डावीकडे नेली, डावं एलेरॉन (पंखामागची हलती पट्टी) वर गेलं, ठीक. शेपटीवरच्या एलेव्हेटरला दोन क्लिक वर ट्रिम, म्हणजे नाक आपसूक किंचित वर राहील. तिने पंखाखाली, गुरुत्वमध्याजवळ धरलं. मग फुल थ्रॉटल, मोटर पूर्ण जोरात. (पंखा मागे असेल तर असं करू नये, आधी विमान सुटू द्यावं, बोटं जातात.)

चार पावलं धावून तिने हात सरळ पुढे नेला. पंख समतल, नाक क्षितिजाच्या किंचित वर. विमान सुटलं आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत खाली आलं. "सर, ओढा, ओढा!" पोरं ओरडली. मी स्टिक मागे ओढली नाही. पंख्याच्या टॉर्कने डावीकडे कलत होतं, तेवढं उजवं एलेरॉन दिलं. खुंटांवरून सूं करत गेलं, वेग धरला, तेव्हा कुठे स्टिक हलकेच मागे घेतली.

उतरवून बॅटरी मोजली तर सेलमागे ३.८ व्होल्ट, म्हणजे अजून एका उड्डाणापुरती शिल्लक. लगेच दुसरं उड्डाण केलं. फेकायला तीच, दुसरा रिमोट बॉलरकडे, आणि माझं बोट माझ्या रिमोटच्या ट्रेनर स्विचवर, गरज पडली तर ताबा परत घ्यायला.