तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमातला चाकू घ्यावा का?

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडली की माझ्या काचेच्या कपाटातले चाकूही बाहेर येतात आणि आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "काका, हे सिनेमातले चाकू घेण्यासारखे असतात का? कापायला चालतात, की नुसते शोभेचे?" विचारणारा बहुधा विशीतला, हरिहर किंवा साल्हेर गडावर जाणारा असतो. मोबाईलवर एखादा चाकू त्याने आधीच पसंत करून ठेवलेला असतो.

वापरायला घेऊ नका. जमवायला जरूर घ्या, पण ज्याच्यामागे एखाद्या कारागिराचं डोकं आहे, असाच घ्या.

माझी नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात झाली. त्यामुळे चाकू हातात आला की मला आधी पोलाद दिसतं. सिनेमातल्या चाकूंच्या बहुतेक प्रतिकृती ४२० किंवा ४२०जे२ जातीच्या स्टेनलेसच्या असतात. त्यात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन साधारण ०.३ टक्के. क्रोमियममुळे पातं सहसा गंजत नाही, पॉलिशही सुरेख घेतं. धार टिकवणारा कडकपणा मात्र कार्बनमुळे येतो. ४४०सी या चाकूच्या चांगल्या पोलादात कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो. ट्रकच्या पाट्यापासून आपले लोहार कोयते घडवतात, त्या स्प्रिंग स्टीलमध्येही तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. टूलरूममधलं एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमचं पोलाद, तर दीड टक्का आणि त्याच्याही पुढे जातं. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या पात्यावर कानस घसरते, प्रतिकृतीच्या पात्यावर ती चावते. ४२० हे पोलाद वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेची उपकरणं आणि पाणबुड्यांचे चाकू त्या जातीचे करतात, कारण तिथे गंज न लागणं महत्त्वाचं. लाकूड तासायला आणि दोर कापत राहायला ते पुरत नाही, एवढंच.

पोलादापेक्षाही मला मुठीची काळजी वाटते. चांगल्या कामाच्या चाकूत पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं असतं. पोकळ मुठीच्या स्वस्त प्रतिकृतीत ते जेमतेम इंचभर आत जातं आणि नटाने आवळलेलं असतं. फांदीवर घाव घातला की सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो. पातं तिथून निखळलं तर ते कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. गडावर, जिथून दवाखाना तीन-चार तासांवर आहे, तिथे असला धोका का पत्करायचा?

पाठीवरचे करवतीसारखे दात हेही मुलांचं मोठं आकर्षण. विमान कोसळलं तर त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडता यावं, या विचारातून असे दात वैमानिकांच्या चाकूंवर आले. ओल्या लाकडात ते रुतून बसतात. शिवाय पाठीला दात असले की पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडणंही अवघड होतं.

इतकं वाचून वाटेल की मला हे चाकू आवडत नाहीत. मला ते फार आवडतात. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' या रॅम्बोच्या पहिल्या सिनेमातला चाकू जिमी लाइल या आर्कान्सॉमधल्या कारागिराचा. मुठीच्या पोकळीत काड्या, सुईदोरा, मासे धरायचा गळ. टोपणात होकायंत्र. आणि मूठ व पात्याच्या मधली जी आडवी पट्टी असते, तिची दोन टोकं म्हणजे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटं, एक स्टार. जंगलात एकट्या सापडलेल्या माणसाला काय काय लागेल, याचा एवढा विचार एका वस्तूत भरलेला पाहून टूलरूमच्या माणसाला आनंदच होतो. १९८८ च्या तिसऱ्या रॅम्बोपटासाठी काम गिल हिबन या दुसऱ्या कारागिराकडे गेलं. त्यांनी पोकळ मूठ सोडून दिली, भरीव लाकडी मूठ घेतली आणि पातं भलंमोठं केलं. पात्र तेच, पण दोन कारागिरांनी दोन वेगळी उत्तरं दिली. ही दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात, म्हणून मी प्रतिकृती जमवतो.

तेव्हा प्रतिकृती घ्यायची तर मूळ रचनेच्या मालकाची परवानगी घेऊन बनवलेली घ्या. हिबन यांच्या रचनांवरून युनायटेड कटलरी चाकू बनवते, तसं काहीतरी. कारागिराचं नाव, पोलादाची जात आणि मुठीतली बांधणी विकणाऱ्याला सांगता आली पाहिजे. पुढे किंमत वाढेल म्हणून घेणार असाल तर माझ्या मते घेऊच नका, आपल्याकडे या वस्तूंना गिऱ्हाईक फार थोडं आहे. पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्यासाठी रचलेलं असतं, हे फाळक्यांच्या नाशिकला सांगायला नको. जवळून दाखवायला खरं पोलादी शस्त्र आणि मारामारीला त्याचंच रबरी रूप, ही सेटवरची नेहमीची रीत आहे.

कायद्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर ते शस्त्र नियम, २०१६ मधल्या धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडू शकतं. घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. 'शोभेचा आहे' ही सबब त्यात बसत नाही. तिसऱ्या भागातला तो मोठा चाकू ९ इंचांच्या बराच पुढे जातो, म्हणून मागवण्याआधी वकिलाला विचारा. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश वरचेवर निघतात. त्या काळात लहान चाकूही कमरेला लावून कॉलेज रोडवर फिरलात तर पोलीस अडवणारच, आणि त्यांचं बरोबर असेल.

घरात पाळायची गोष्ट म्हणजे चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं कमावण्याची रसायनं आणि पावसाळ्याची ओल मिळून स्टेनलेसवरही डाग पाडतात. म्यान वेगळं ठेवा, पात्याला शिलाई मशीनचं तेल पुसटसं लावा. आपलं गाव तांब्यापितळेच्या भांड्यांचं, त्यामुळे पितळी भाग चिंचेने लख्ख करायचा मोह घरात प्रत्येकाला होतो. तो आवरा, मूळ झिलई परत येत नाही. कपाटाला कुलूप हवंच.

आणि गडावर न्यायला चार इंची, साध्या पात्याचा, सलग पोलादाचा चाकू पुरे. आमच्याकडच्या ओळखीच्या लोहाराने घडवलेला असेल तर उत्तम. त्याला सांगा की मुठीतलं पोलाद बारीक करू नको. ते तो बरोबर समजतो.