तो जाऊन बारा वर्षं झाली

मंगळवार, रात्र

कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा हात कणकेत होते. पत्ता सापडेना त्याला. मी फाटकावरच्या पाटीवरचं घराचं नाव, इथल्या स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या जुन्या गॅलिक भाषेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. तिकडून नुसतं ‘हॅलो? हॅलो?’ तेवढ्यात पलीकडच्या आजी अंडी द्यायला आल्या, त्यांनी फोन घेतला आणि आधीच्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, ‘त्याचं घर.’ पाच मिनिटांत गाडी दारात.

तो जाऊन बारा वर्षं झाली. आम्हाला इथं नऊ. खरेदीखत आमच्या नावावर, गळकं छप्परही आम्हीच बदललं. तरी घर त्याचं.

उच्चार माझे चुकतात, कबूल. बी-एच दिसला की मी भ वाचते, एम-एच दिसला की म्हशीतला म्ह. इथं दोन्हींचा बहुधा व. या किलम्युअर पॅरिशचं खरं नाव किल्य व्हॉर्य, म्हणजे मेरीचं चर्च. मी वर्षभर ‘म्होईर’ म्हणत फिरले आणि कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुभ म्हणजे काळं, पण म्हणायचं नुसतं ‘दू’. जाऊ दे.

पण ही माणसं नाव सोडतच नाहीत. खालच्या कुरणाला अजून लॉखच म्हणतात, संत कोलंबाचं तळं. पाणी काढून सुमारे दोनशे वर्षं झाली, मधल्या बेटावरच्या जुन्या मठाचे दगड आता गवतात आहेत, मेंढ्या चालत जातात तिथं. पहिल्या वर्षी मी पाहुण्यांना ‘तळ्यापाशी वळा’ असं सांगितलं होतं. ते बिचारे पाणी शोधत पार समुद्रापर्यंत गेले. आपण तरी काय, सारसबागेत उभं राहून तळ्यातला गणपतीच म्हणतो.

संध्याकाळभर हेच डोक्यात. ह्याला सांगितलं तर म्हणाला, पार्सल मिळालं ना? मिळालं. आईनं पाठवलेलं मेतकूट, पिशवी फुटलेली.

आणि मग गेल्या मे महिन्यातला गुहागरचा रिक्षावाला आठवला. तिथलं आमचं घर विकून सहा वर्षं झाली होती, तरी मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘तात्यांच्या घराकडे ना?’ मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं की वर वीस रुपये दिले. फाटकाशी नवी मालकीणबाई केर काढत होती. तिनं ऐकलं असणार. मान वर केली नाही तिनं, केर काढत राहिली.

गुरुवारी मासेवाल्याची गाडी येईल. नवा पोरगा आहे म्हणे. त्याला म्हाताऱ्याचंच नाव सांगावं. हॅडॉक तरी वेळेवर मिळेल.