फुफ्फुस धुणारी गोळी

निपाणीत मेडिकल चालवायचं म्हणजे खोकल्याशी ओळख असावीच लागते. तंबाखूच्या वखारीत खकाणा खात उमर काढलेल्या बायका, विडी ओढणारे म्हातारे, चूल सुटली तरी दम न सुटलेल्या आज्या. यांची पोरं पुण्याहून ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेल्या कॅप्सूलच्या डब्या धाडतात. परवा एक मामा तसली डबी घेऊन आले. “सायेब, ह्यानं फुफ्फुस धुऊन निघतंय म्हणं. खरं काय?”

धुण्यासारखं तिथं काही नसतं. विडीच्या एकेका झुरक्यासोबत कोट्यवधी कोटी फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले अस्थिर कण, आत जातात आणि पेशींचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे सापडेल त्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. शरीर काही हात बांधून बसत नाही. फुफ्फुसाच्या आतल्या पातळ ओलीत ग्लुटाथायोन, म्हणजे या रॅडिकलना शांत करणारं शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, रक्तापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं. पण रोजचा मारा त्याला पुरून उरला, की बिघडायला लागतं. धुरामागं पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याच आणखी रॅडिकल सोडतात, वर इलास्टेज नावाचं विकरही. त्याला आवरणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन धुरानं निकामी झालेलं असतं. मग इलास्टेज फुफ्फुसाचे लवचिक धागेच खातं. जुन्या पायजम्याच्या इलास्टिकसारखं फुफ्फुस सैल पडतं, आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. मामा ओठ चिमटून श्वास सोडतात ते यामुळंच. तुटलेले धागे कुठलीच कॅप्सूल शिवत नाही.

डबीवर पहिलंच नाव होतं बीटा-कॅरोटीन, गाजरात असतं ते नारिंगी द्रव्य. मी ती तिथंच बाजूला ठेवायला लावली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर खाण्याला हे लागू नाही, बरं का.

पाण्यात फसफसणारी एनएसीची (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाची) गोळी जरा वेगळी. तिच्यापासून शरीर ग्लुटाथायोन बनवतं. काही चाचण्यांत तिनं दम्याचे, म्हणजे खरं तर सीओपीडीचे (धुरानं श्वासनलिका अरुंद आणि फुफ्फुस सैल होण्याच्या जुनाट आजाराचे), झटके कमी केले, काहींत नाही. डॉक्टरांनी लिहिली तर घ्यावी.

“मग आवळा?”

“खावा की. पण विडी ओढून वर आवळा, असं नको.”

मामा हसले, हसता हसता खोकले आणि खिशातून दम लागल्यावर ओढायचा औषधाचा पंप काढला. मी हातात घेऊन बघितलं तर उरलेले डोस दाखवणारा काउंटर शून्यावर. त्या डबीच्या किमतीत दोन पंप आले असते.