तिथीची पाऊणपट

हर्णैचा आषाढातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना आपल्या शाळेच्या पत्र्याचा आवाज वेगळा सांगायला नको. शेवटच्या बाकापर्यंत सरांचे शब्द पोचत नसत. आठवीला आम्हाला गणिताला जे सर होते, त्यांनी त्यावरही तोड काढली होती. तीन आडव्या ओळींत तीन-तीन आकडे सांगायचे आणि मग प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीची बेरीजही सांगायची. एकदा दुसऱ्या ओळीत शेवटचा आकडा मी सात लिहिला. माझी बेरीज सरांच्या बेरजेपेक्षा दोनने जास्त. तिसऱ्या उभ्या ओळीतही दोनच जास्त. दोन्ही ओळी जिथे छेदतात तिथे ते सात बसले होते, म्हणजे सरांनी पाच म्हटले होते. पुन्हा न विचारता चूक सापडली आणि सुधारलीही! मी हात वर केला, "सर, बेरीजच चुकीची ऐकू आली तर?"

"उद्या तूच सांग," सर म्हणाले.

रात्री कंदिलाशी बसून मी पाने भरली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडून दाखवले: तेव्हा एकच ओळ चुकते, दुसऱ्या दिशेच्या सगळ्या जुळतात, म्हणजे आकडे बरोबर, बेरीज चुकीची. सरांनी खडू माझ्याच हातात राहू दिला आणि वर्गाला ते उतरवून घ्यायला सांगितले.

१९८४ ला दहावी झाले आणि पुढे मुंबईला अभियांत्रिकीला गेले. तिथे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचा चुका दुरुस्त करणारा १९५० सालचा कोड शिकवला गेला. चार बिट (म्हणजे ० किंवा १) माहितीचे, तीन तपासणीचे. सातांपैकी कुठलाही एक बिट उलटला तर नेमका तोच ओळखता येतो. मला तो वाचताना पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. त्याआधी १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले होते की गोंगाट असला तरी संदेश पाठवायच्या प्रत्येक मार्गाची एक क्षमता असते, आणि त्या मर्यादेत राहून पाठवले तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. पण व्यवहारात वापरता येईल असा कोड कसा बांधायचा, हे शोधण्यात पुढच्यांची जवळजवळ पन्नास वर्षे गेली. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास त्याची एक उत्तम वाट दाखवली होती: प्रत्येक बिट मोजक्याच बेरजांत गुंतवायचा आणि त्या बेरजांनी एकमेकींना पुन्हा पुन्हा विचारत चूक शोधायची. तेव्हाच्या संगणकांना ते झेपले नाही आणि तीसेक वर्षे ते बाजूला पडले. नव्वदच्या दशकात ते परत वर आले तेव्हा मी पीएचडीला होते. माझा प्रबंध याच कोडवर आहे. आज फाइव्ह-जी फोनमध्ये आपला डेटा याच प्रकारच्या कोडमधून येतो, याचा मला फार आनंद आहे.

पण मला जास्त शिकवले ते आपल्या समुद्राने. काही वर्षांपूर्वी डोंगरावरचा एक मनोरा आणि १२ किलोमीटरवरचा एक धक्का यांच्यामध्ये पाण्यावरून रेडिओ लिंक चालवायची आमची चाचणी होती. मनोऱ्यावरचा अँटेना पाण्यापासून ६० मीटर, धक्क्यावरचा १०. लिंक दिवसातून चारदा तुटायची. मशीन बदलले, केबल बदलली, कोड आणखी मजबूत केला, काही उपयोग नाही. महिनाभर नोंदी ठेवल्या तेव्हा दिसले, तुटण्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, आणि मधले काही दिवस काहीच बिघडत नाही. घरी आले असताना बाबांना हे सांगितले. जाळे शिवताना मान वर न करता त्यांनी विचारले, "तिथी कुठली होती गो?"

तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, तासांत. हे मला चालायला लागल्यापासून पाठ होते आणि तरी महिनाभर सुचले नव्हते!

रेडिओच्या लहरी दोन वाटांनी येतात, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. पाणी चढले की दुसरीच्या वाटेची लांबी बदलते. आमची तरंगलांबी ६ सेंटिमीटर. भरतीचे पाणी एका ठराविक उंचीपर्यंत चढले की दोन्ही लहरी एकमेकींना मारून टाकत. भरती चढताना एकदा, उतरताना एकदा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरतीला, पाणी तितके चढतच नसे. येणारी लहरच मेली तर कोड तरी काय करणार! मग हिशोब मांडला आणि धक्क्यावर पहिल्या अँटेनाच्या ३ मीटर खाली दुसरा बसवला. एकाला लहर मिळत नसेल तेव्हा दुसऱ्याला मिळावी.

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला मी धक्क्यावर लॅपटॉप घेऊन बसले. बाबा शेजारी होते. सकाळचे दहा वाजले, पाणी पायऱ्या चढत होते. वरच्या अँटेनाची रेषा पडत पडत तळाला गेली. खालच्याची जागची हलली नाही.