फेब्रुवारीतला चिखल

विमा सर्व्हेअरला गाडी आधी दिसते आणि गाडीचा मालक नंतर भेटतो. मुलुंडच्या एका सर्व्हिस सेंटरमधील त्या मोटारसायकलीच्या बाबतीतही तसेच झाले. एका देशी कंपनीची, उंच बांध्याची, लांब सस्पेन्शनची आणि कच्च्या रस्त्यांसाठी म्हणून विकली जाणारी ती गाडी जेमतेम वर्षभरापूर्वी घेतलेली होती. हँडल वाकलेले, पुढचे रिम आऊट, एक फोर्क पिळलेला आणि क्लचचा लिव्हर मुळापासून तुटलेला होता. दाव्याच्या अर्जात कारण लिहिले होते, ‘घोडबंदर रोडवर खड्डा चुकवताना गाडी घसरली.’ घोडबंदर रोड आणि खड्डा ही जोडी आमच्या इतकी ओळखीची आहे की पावसाळ्यात त्यापुढे कोणी फारसे विचारत नाही.

पण महिना फेब्रुवारीचा होता आणि गाडीच्या चेन कव्हरखाली, गिअरच्या पायपट्टीमागे आणि इंजिनाच्या पात्यांमध्ये तांबूस चिखल वाळून घट्ट बसला होता. डांबरावर किंवा सिमेंटवर घसरलेली गाडी एका बाजूने खरवडली जाते. हँडलचे टोक, फूटरेस्टचे टोक आणि लेग गार्ड यांचा धातू झिजून चकचकीत होतो आणि ओरखडे सगळे एकाच दिशेला जातात. इथे हँडलच्या टोकाला एकही ओरखडा नव्हता, उलट त्याच्या पोकळीत बोटभर माती ठासून बसली होती. आरशांच्या जागी रबरी बुचे होती, नंबर प्लेटचे बोल्ट नुकतेच उघडलेले दिसत होते आणि दोन्ही चाकांना बटण टायर, म्हणजे मातीत पकड धरणारे जाड गाठींचे टायर होते. मातीच्या ट्रॅकवर धूळ बसावी आणि टायरला पकड मिळावी म्हणून टँकरने पाणी मारतात, हे मला ठाऊक होते. भर फेब्रुवारीत असा चिखल तिथेच मिळतो.

गाडीचा मालक थोड्या वेळाने आला. तो भांडुपचा, पंचविशीतला, पवईत एका कार्यालयात नोकरी करणारा तरुण होता. मी त्याला हँडलचे टोक दाखवले आणि एवढेच म्हणालो, “ही गाडी रस्त्यावर पडलेली नाही.” सहसा अशा वेळी लोक आधी आवाज चढवतात आणि मग कोणाचे तरी नाव सांगतात. त्याने दोन्ही केले नाही. “नाही सर, ट्रॅकवर पडलो,” असे म्हणून त्याने लगेच मोबाइल काढला आणि मला व्हिडिओ दाखवला. मातीच्या उंचवट्यावरून गाडी हवेत जाते, पुढचे चाक आधी टेकते, हँडल झटक्याने फिरते आणि तो गाडीवरून पुढे फेकला जातो. “बघा, टेक-ऑफला मी थ्रॉटल सोडला, म्हणून नाक खाली गेलं,” तो समजावून सांगत होता. स्वतःच्या अपघाताचे इतके शांत विश्लेषण मी कोणा दावेदाराच्या तोंडून ऐकले नव्हते. अर्जातले वाक्य कोणा मित्राच्या सल्ल्याने लिहिले होते, हेही त्याने सांगून टाकले.

आपल्याकडील मोटार विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या यांसाठी गाडी वापरली असता झालेले नुकसान भरून मिळत नाही. तो गेला होता तो कार्यक्रम कागदोपत्री प्रशिक्षण शिबिराचा होता, त्यामुळे मलाही थोडा विचार करावा लागला. परंतु शिबिराच्या अखेरच्या टप्प्यात घड्याळ लावून फेऱ्या घेतल्या होत्या, त्यांचा निकाल लावला होता, आणि तो पडला तो त्याच फेरीत. त्याला मिळालेल्या प्रमाणपत्रावर आधीच्या फेरीची वेळ मिनिटे-सेकंदांसह छापलेली होती. मी त्याला कलम वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि दावा मागे घेत असल्याचे लिहून दिले. त्याला काळजी फक्त नूतनीकरणाच्या वेळी मिळणाऱ्या नो क्लेम बोनसची होती. पहिल्या विनादावा वर्षासाठी हप्त्याच्या, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या भागात २० टक्के सूट मिळते. दावाच मंजूर झाला नाही तर ती जात नाही, हे ऐकून तो चक्क खूश झाला. तसेही बटण टायर आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला गेला असता, असा हिशेब त्यानेच मला ऐकवला.

दावा नाकारल्यावर माणसे विमा कंपनीवर चिडतात, शोरूमवर चिडतात आणि सर्व्हेअरवर तर चिडतातच. इथे गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच भरवलेल्या शिबिरात गाडी मोडली होती आणि दुरुस्तीचा सगळा खर्च याच्या खिशातून जाणार होता. तरीही कंपनीबद्दल त्याच्या बोलण्यात आपुलकीखेरीज काही नव्हते. गाडी लिफ्टवर चढेपर्यंत चहा मागवला आणि मी त्याला विचारले की या गाडीशी तो एवढा बांधला कसा गेला.

सुरुवात डकार रॅली या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीपासून झाली होती. त्या शर्यतीचे निकाल त्याला तोंडपाठ होते. २००१ ते २०१९ या काळात झालेल्या सलग १८ डकार रॅली मोटारसायकल गटात ऑस्ट्रियाच्या केटीएमने जिंकल्या. २००८ ची रॅली रद्द झाली होती, म्हणून वर्षे एकोणीस आणि विजय अठरा, हेही त्याने मध्येच स्पष्ट केले. ती मालिका २०२० मध्ये होंडावर स्वार झालेल्या रिकी ब्रेबेकने मोडली. हिरोने २०१६ मध्ये रॅलीचा संघ उभारला, २०१७ मध्ये डकारमध्ये पाऊल ठेवले, २०२२ मध्ये ज्योकिम रॉड्रिग्जने एक टप्पा जिंकला आणि २०२४ मध्ये रॉस ब्रांच दुसरा आला. एखादी भारतीय कंपनी तिथे पहिल्या तिघांत येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी टीव्हीएसच्या संघाकडून केरळचा हरिथ नोआ आपल्या गटात पहिला आला. जानेवारी २०२० मध्ये हिरोचा स्वार पाउलो गोन्साल्विस शर्यतीत मृत्यू पावला आणि संघाने उरलेल्या रॅलीतून माघार घेतली, हे सांगताना तो थोडा थांबला. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेही नाही त्याच्या मरणाची तारीख एका भांडुपकराला पाठ असावी, हे मला विचित्रही वाटले आणि खरेही वाटले.

शर्यतीतील विजयामुळे गाड्या विकल्या जातात हे मोटार उद्योगात जुनेच तत्त्व आहे. केटीएमचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. बजाजने २००७ मध्ये त्या ऑस्ट्रियन कंपनीत भागभांडवल घेतले आणि २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यात बनलेली २०० ड्यूक बाजारात आली. ड्यूक ही डांबरी रस्त्याची गाडी, वाळवंटातल्या रॅलीच्या गाडीशी तिचे नाते मुख्यतः नारिंगी रंगाचे आणि ‘रेडी टू रेस’ या घोषवाक्याचे. तरीही महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या गाडीवर वाळवंटाचे वलय चढले आणि ज्यांनी आयुष्यात गाडी मातीत घातली नाही त्यांनीही ते विकत घेतले. मुंबईत तर हे अधिकच उठून दिसते. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू या चारही रस्त्यांवर दुचाकींना मज्जाव आहे आणि तरी या शहरात वाळवंट पार करण्याच्या बांध्याच्या गाड्या एलबीएस मार्गाच्या गर्दीत क्लच दाबून उभ्या असतात.

मात्र वलयाने गाडी विकली जाते, गिऱ्हाईक टिकतेच असे नाही. पुढच्या वर्षी दुसरा रंग जिंकला की मन तिकडे वळू शकते. परदेशी कंपन्यांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या शर्यतींच्या मुख्य मालिकांमध्ये १९८६ पासून कारखान्याच्या खास गाड्यांऐवजी विक्रीसाठी बनलेल्या गाड्यांवर आधारित गाड्याच पळवाव्या लागतात, त्यामुळे रविवारी जिंकणारी गाडी आणि शोरूममधली गाडी एकाच घरची दिसू लागली. कावासाकीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘टीम ग्रीन’ नावाने हौशी स्वारांसाठी आधाराची व्यवस्था उभी केली. शर्यतीच्या मैदानावर कंपनीचे लोक हजर राहणार, नवशिक्यालाही मदत मिळणार. कंपनीच्या गाडीवर स्थानिक शर्यतीत नंबर आणणाऱ्या हौशी स्वाराला बक्षिसाची रक्कम किंवा सुटे भाग घेण्यासाठी पत देण्याची पद्धत तिकडच्या बहुतेक कंपन्यांत रुळली. सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममध्ये मातीचा ट्रॅक बांधून होणाऱ्या मोटोक्रॉसच्या मध्यंतरात सात-आठ वर्षांची मुले केटीएमच्या ५० सीसीच्या गाड्या भरल्या स्टेडियमसमोर पळवतात. ते मूल मोठे होताना त्याच्या गाड्यांची क्षमता वाढत जाते, रंग मात्र शक्यतो तोच राहतो. बाप पैसे मोजतो आणि घराणे त्या रंगाचे होते.

आपल्याकडे ही शिडी चढायला पायऱ्याच नाहीत. खऱ्या मोटोक्रॉस गाडीला दिवे नसतात, आरटीओत तिची नोंदणी होत नाही, ती परदेशातून येते आणि जकातीसकट तिची किंमत चारचाकीच्या घरात जाते. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हा हा तरुण मित्रांबरोबर तिथे गेला होता, पण ज्या गाड्या पाहून तो वेडा झाला त्यांपैकी एकही त्याला कार्यालयात घेऊन जाता आली नसती. म्हणून इथल्या कंपन्यांनी वेगळी वाट काढली. रोज वापरता येईल अशी नोंदणी झालेली गाडी, तिला जोडायचे रॅली किट किंवा निदान बटण टायर, आणि एक दिवसाचे मातीतले प्रशिक्षण.

त्या एका दिवसाचे त्याने केलेले वर्णन मला फार महत्त्वाचे वाटले. सकाळी कंपनीच्या मेकॅनिकांनी प्रत्येकाचे आरसे आणि नंबर प्लेट काढून, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून बाजूला ठेवली. मग प्रत्येकाला कंपनीच्या रंगाची जर्सी मिळाली आणि तिच्या पाठीवर त्याचे स्वतःचे आडनाव छापलेले होते. राष्ट्रीय पातळीवर शर्यती केलेल्या प्रशिक्षकाने आधी पडलेली गाडी उचलायला शिकवली, मग फूटरेस्टवर उभे राहून चालवायला, कोपर बाहेर ठेवायला आणि मागचे चाक मुद्दाम सरकवायला. दर वळणावर छायाचित्रकार होता. “मी पडल्यावर त्यांचा मेकॅनिक पळत आला,” तो म्हणाला, “आणि त्याने आधी मला उठवलं, मग गाडीला. शोरूममध्ये तासभर बसलं तरी कुणी पाणी विचारत नाही, सर.” हे बोलताना सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर शेजारीच उभा होता. त्याने काही ऐकले नाही असे दाखवले.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. विजेत्याचे पोस्टर भिंतीवर लावणारा माणूस प्रेक्षक असतो आणि प्रेक्षकाला दुसरे पोस्टर मिळू शकते. जो त्या गाडीवरून मातीत पडला, ज्याला त्या कंपनीच्या माणसाने हात देऊन उठवले, ज्याच्या पडण्याचा व्हिडिओ त्या संध्याकाळी शेकडो मालकांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरला आणि ‘पुढच्या वेळी जमेल भावा’ असे उत्तर आले, तो दुसरी गाडी घेऊन आता जाणार कुठे? गाडी बदलली तर मित्रमंडळीही बदलावी लागतील. कंपनीला यासाठी आलेला खर्च एखाद्या दूरचित्रवाणी जाहिरातीच्या मानाने किरकोळ म्हणावा लागेल.

एक गोष्ट मात्र या सिद्धांतात बसत नाही, ती म्हणजे यामाहाची आरएक्स १००. १९८५ साली आलेली आणि १९९६ च्या सुमारास बंद झालेली ही गाडी कोल्हापूर-सांगलीकडे आजही जीव लावून सांभाळलेली दिसते. तिच्यासाठी कोणी जर्सी वाटल्या नव्हत्या. हलकी गाडी, तिखट इंजिन आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला तोंडपाठ असलेली दुरुस्ती एवढ्यावर तिने निष्ठा कमावली. आजच्या कंपन्यांना एवढा खटाटोप करावा लागतो त्याचे कारण कदाचित हेही असेल की आता सगळ्याच गाड्या बऱ्या असतात.

गाडी लिफ्टवर होती तेवढ्यात कंपनीचा विभागीय अधिकारी आला. त्याला शिबिरातून कळले होते. त्याने तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला, मजुरी आकारू नका असे सुपरवायझरला सांगितले आणि पुढच्या शिबिरात जागा राखून ठेवल्याचे जाहीर केले. एस्टिमेटमध्ये मजुरीचा आकडा सुट्या भागांच्या मानाने फारच लहान होता, हे मला समोर दिसत होते. तरुणाला तो आकडा दिसला नसेल असे नाही. तो इतका भारावला की मूळच्या लोखंडी हँडलऐवजी त्याने अधिक महागाचे अॅल्युमिनियमचे, शर्यतीसाठीचे हँडल मागवले, तेही कंपनीच्याच अॅक्सेसरीच्या यादीतून. बहिणीला स्कूटर घ्यायची आहे, तीही इथूनच घेऊ, असे तो सहज बोलून गेला आणि अधिकाऱ्याने लगेच वहीत नोंद केली.

निघण्यापूर्वी मी त्या तरुणाने शिबिरात सही केलेले हमीपत्र मागून घेतले. सर्व जोखीम माझी, दुखापत झाली तर जबाबदारी माझी, छायाचित्रे वापरण्याचा अधिकार कंपनीचा, असे त्यात व्यवस्थित लिहिले होते. इथे झालेल्या नुकसानीला रोजची विमा पॉलिसी लागू होणार नाही, ही ओळ मात्र नव्हती. ती ठळक अक्षरांत छापावी असे मी अधिकाऱ्याला सुचवले. सूचना चांगली आहे, वर कळवतो, असे तो अगदी आदराने म्हणाला. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच शिबिरात मोडलेली दुसरी एक गाडी माझ्याकडे आली. हमीपत्राचा कागद या वेळी गुळगुळीत आणि रंगीत होता, मजकूर मात्र शब्दशः तोच होता.