कात्रणाची मागची बाजू

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीच्या पुरात नाशिकच्या घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरले, आणि त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्या कार्यशाळेत ओल्या कागदाखेरीज दुसरे काही आले नाही. जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती आणि पुस्तकांची बांधणी हा माझा व्यवसाय आहे. हिशेबाच्या चोपड्या, पोथ्या, खरेदीखते आणि लग्नाचे अल्बम यांच्या त्या ढिगाऱ्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या तीन गृहस्थांनी टॉवेलमध्ये गुंडाळून रिक्षातून आणलेली एक कात्रणवही होती. वही ज्यांची होती ते पंचवटीत घाटाजवळ तळमजल्यावर राहत. दुसरे नाशिकरोडचे आणि तिसरे सिडकोतले. किती दिवस लागतील किंवा खर्च किती येईल, यांपैकी काहीही न विचारता पंचवटीचे काका एवढेच म्हणाले, “यातला नेव्हिल वाचेल का हो?”

नेव्हिल डिसूझा हे नाव मी तोवर ऐकलेले नव्हते आणि मी ते मोकळेपणाने सांगितले. त्यावर तिघेही एकदम बोलू लागले. तिघांचे बालपण परळच्या एकाच चाळीत गेले होते, पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने ते नाशिकला आले. सिडकोतल्या काकांची तर सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. पोरवयात मात्र त्यांचा जीव टाटा स्पोर्ट्‌स क्लबच्या फुटबॉल संघात आणि त्या संघाच्या सेंटर फॉरवर्डमध्ये, म्हणजे नेव्हिलमध्ये, अडकलेला होता. सामना असला की हे तिघे परळहून चालत कूपरेजचे फुटबॉल मैदान गाठत. “चेंडू त्याच्या पायात आल्यावर सगळेच बघायचे,” नाशिकरोडचे काका म्हणाले, “पण चेंडू यायच्या आधी तो कुठे उभा आहे, ते आम्ही बघायचो.” १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यांतले पहिले तीन गोल नेव्हिलचे होते, आणि ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला, हे त्यांनी मला असे सांगितले की जणू तो निकाल काल रात्रीच कळला असावा.

ओला कागद घाईने उलगडला तर तो हातात लगदा होऊन येतो, आणि तसाच ठेवला तर दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी धरते. म्हणून मी अशा वेळी वही पिशवीत बंद करून गोठवतो. शेजारच्या आइसक्रीमवाल्याने त्याच्या डीप फ्रीझरचा एक कप्पा मला दिला होता. त्यात महिनाभर ही वही होती. सप्टेंबरमध्ये जेव्हा तिची पाळी आली, तेव्हा पाने सोडवताना समोर बसण्याची परवानगी तिघांनी मागितली. काम चालू असताना मी कोणालाही जवळ बसू देत नाही. त्या दिवशी नाही म्हणवले नाही.

पहिल्याच पानावर एक विपरीत गोष्ट दिसली. वर्तमानपत्राची छपाईची शाई काजळी आणि तेल यांची असल्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही, आणि म्हणून छापील अक्षर न अक्षर जागेवर होते. परंतु प्रत्येक कात्रणाखाली चौदा वर्षांच्या मुलाने फाउंटन पेनने जी तारीख आणि जे चार शब्द लिहिले होते, त्यांचे निळसर डाग झाले होते. काकांचे अक्षर तेवढे गेले होते. त्यांनी त्या डागांवरून अगदी हलके बोट फिरवले आणि म्हणाले, “हरकत नाही, तारखा आम्हांला पाठ आहेत.”

त्या खरोखरच पाठ होत्या, पण तिघांच्या निरनिराळ्या. मुंबईने १९५४ मध्ये प्रथमच संतोष करंडक जिंकला तेव्हाचे कात्रण आधीचे की रोव्हर्स चषकाच्या एका सामन्याचे, यावर अर्धा तास गेला. मेलबर्नच्या उपांत्य सामन्याच्या कात्रणावर तिघे एकदम गप्प झाले. युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिलनेच केला होता आणि थोडा वेळ भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर होता. सामना मात्र १-४ असा गेला. याच युगोस्लाव्हियाकडून १९५२ मध्ये हेलसिंकीला आपण १-१० असे हरलो होतो, आणि चार वर्षांनी त्यांच्याविरुद्ध आघाडी घेतली, ही गोष्ट कोणी बोलत नाही, याचे दुःख सिडकोतल्या काकांच्या आवाजात त्रेसष्ट वर्षांनीही ताजे होते. त्यांचे म्हणणे मला पटले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला तो संघ चौथा आला आणि चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांमध्ये बसला; एवढे मोठे यश आपल्या शाळेच्या एकाही पुस्तकात मी वाचले नव्हते.

त्यानंतरच्या पानावर नेव्हिलचा एकट्याचा फोटो होता. भोवतीचा मजकूर आणि फोटोखालची ओळ कापून टाकलेली, त्यामुळे तो कधीचा हे समजायला काहीच आधार नव्हता. नाशिकरोडचे काका म्हणाले, कूपरेजचा. सिडकोतल्या काकांचे मत पडले, संतोष करंडकाचा. आणि ज्यांनी तो चिकटवला होता त्या पंचवटीच्या काकांनाच काही आठवेना. ते फार अस्वस्थ झाले. “माझी वही, आणि मलाच आठवू नये?” असे ते दोनदा म्हणाले.

लहानपणी त्यांनी कात्रणे चिकटवली होती ती आईने करून दिलेल्या कणकेच्या खळीने. अशी खळ पाण्याने सुटते, आणि पुराने ती आधीच सोडवलेली होती. मी कात्रणावर पॉलिएस्टरची पातळ फिल्म अंथरली, ओलाव्याने कागद तिला धरून राहिला, आणि फिल्मसकट तो अलगद उचलून टिपकागदावर पालथा घातला. त्रेसष्ट वर्षांत त्याची मागची बाजू कोणी पाहिली नव्हती. तिथे मराठी मजकुराचा एक तुकडा होता. दोन्ही बाजूंनी कापलेला, त्यामुळे एकही ओळ पुरी नव्हती. ‘राजगृह’ हा शब्द मला आधी दिसला, मग ‘दादर चौपाटी’, आणि मग ‘अंत्ययात्रा’.

बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच ७ तारखेला मेलबर्नला भारत बल्गेरियाशी कांस्यपदकासाठी खेळला आणि ०-३ असा हरला. तेव्हा हा कागद ८ डिसेंबरचा होता, आणि फोटोही त्या पराभवाच्या बातमीसोबतचा.

पंचवटीचे काका बराच वेळ त्या पालथ्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते आणि त्या दिवशी अंत्ययात्रेत चालले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विकत घेतलेले वर्तमानपत्र घरात कोणी हाताळायचे नव्हते. आणि मुलाने वडील पाळीवर गेल्यावर आतल्या पानातला नेव्हिल कापून घेतला. वडिलांनी संध्याकाळी ते पाहिले, मारले नाही, बोललेही नाहीत. त्या चौकोनी भोकासकट त्यांनी पानाची घडी घातली आणि ते ट्रंकेत ठेवले. पुढे चाळ सुटली, बिऱ्हाडे बदलली, त्यात ट्रंक कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. “त्यांच्या पेपरातला एवढाच तुकडा राहिला म्हणायचा,” काका म्हणाले, “आणि तो मी चोरलेला.” नाशिकरोडच्या काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चाळीतल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत ही गोष्ट त्यांनाही नवीन होती.

दुरुस्तीचा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. कात्रण पूर्वीसारखे चिकटवले असते तर मागची बाजू पुन्हा झाकली गेली असती. फिकट झालेल्या तारखा मी निळ्या शाईने तशाच वळणात पुन्हा लिहून द्याव्यात, असेही सिडकोतल्या काकांनी सुचवले. त्याला मी नकार दिला, कारण कागदावरून जे गेले ते दुसऱ्याच्या हाताने परत आणून ते मूळचे आहे असे भासवणे माझ्या कामात बसत नाही. डाग डाग म्हणूनच राहू द्यावेत आणि तारीख नव्या पानावर पेन्सिलीने असावी, इतके मी समजावून सांगितले. ते त्यांनी ऐकले. फोटोच्या कात्रणासाठी मी जाड, आम्लविरहित कागदात खिडकी कापली, कात्रणाच्या कडांना तलम जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडल्या आणि ते त्या खिडकीत असे बसवले की पान उलटले की दुसरी बाजू वाचता यावी. या कामाला आणखी आठ दिवस गेले.

वही न्यायला तिघेही आले. १९८० मध्ये नेव्हिल गेला तेव्हाचे चार ओळींचे कात्रण शेवटच्या पानावर होते, ते पाहून त्यांनी वही मिटली, आणि मग पंचवटीच्या काकांनी ती पुन्हा उघडून खिडकीचे पान काढले. माझ्याकडून पेन्सिल मागून घेऊन त्यांनी फोटोखाली ‘८ डिसेंबर १९५६, नेव्हिल’ असे लिहिले, पान उलटले, आणि मागच्या बाजूला वडिलांचे नाव घातले.