मग कॅमेरा का नाही नेत?

वहिनींनी जेवताना विचारलं, "मारायलाच कशाला हवं, भावजी? कॅमेरा न्या की."

बारा वर्षं शिकारीला जातोय, त्यामुळे ठरलेली उत्तरं तोंडपाठ आहेत. हरणं बेसुमार वाढली की कोवळी रोपं खाऊन जंगलाला टक्कल पडतं. परवान्याचा पैसा जंगल राखायला जातो. अमेरिकेत तर १९३७ च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी वापरतात. सगळं खरं आहे. पण पहाटे तीनला कुडकुडत उठतो तो काही मी कर भरायला नव्हे, आणि वहिनींना हे न सांगताही कळतं.

म्हणून या वेळी खिशातली टाल्कम पावडरची डबी काढून दाखवली. ती दाबायची आणि धूळ कुठे सरकते ते बघायचं. हरणाने आपल्याला पाहिलं तर एखाद वेळी चालून जातं, वाऱ्यावरून आपला वास त्याच्यापर्यंत गेला की संपलं. ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर जाते, संध्याकाळी तीच खाली उतरते. म्हणून सकाळी सावजाच्या वरच्या अंगाला बसायचं, संध्याकाळी खालच्या. अंगात भडक नारंगी जाकीट, कारण ते दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतं, हरणाला ते उठून दिसत नाही. निळा रंग मात्र त्याला छान दिसतो, त्यामुळे निळी जीन्स घरी. असं बसलं की तासाभरात कान बदलतात. खारीची खसखस वेगळी, खुराखालच्या पानाचा आवाज वेगळा. ऑफिसात दहा मिनिटं लक्ष न टिकणारा मी चार तास नुसता ऐकत असतो.

कॅमेराही एक हंगाम नेला होता. फोटो हलला, पुसून टाकला, थर्मासमधला चहा घेतला. बंदूक हातात असली की तशी सूट नसते.

ती नसते हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. नेम खांद्यामागे धरला होता, चाप ओढताना घाई झाली. हरणाने पाठीची कमान केली आणि ते जड पावलांनी झाडीत गेलं. जमिनीवर रक्त थोडंच होतं, काळपट, त्यात हिरवट घाण. गोळी पोटात. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. जवळच कुठेतरी बसलेलं जनावर उठून लांब जातं आणि मग सापडत नाही. सहा तास थांबलो. मग वाकून, पानन् पान बघत माग काढला. तीनशे पावलांवर झुडपाखाली पडलं होतं. हात लावला तर अंग कोमट. म्हणजे मी घड्याळ बघत बसलो होतो त्यातला बराच वेळ ते जिवंत होतं.

पूर्वी ही गोष्ट मी लपवायचो. आता शिकार न करणाऱ्यांना आधी हीच सांगतो. त्यानंतरही पुढच्या हंगामात गेलो, हेही सांगतो. काही जण तिथेच बोलणं थांबवतात, त्यांचा मला राग येत नाही.

वहिनींनी थांबवलं नाही. म्हणाल्या, "एकदा येते."

आल्या. दोन तास हूं की चूं केलं नाही. मग एक मादी आली, मागे पाडस. वहिनींनी माझी बाही घट्ट धरली. बंदूक मांडीवरच राहिली.

परतताना त्यांनी विचारलं, "पाडस नसतं तर मारली असती?"

"परवान्यात बसत असती तर, हो."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. गाडीजवळ आल्यावर डबी मागितली, दाबली, धूळ कुठे जाते ते बघत राहिल्या.

"वारा फिरलाय, नाही का?"

फिरला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.